तुम्ही विचारलंत म्हणून: बालवाडीत भेंडी कशाला?

जूनमध्ये साहित्याची यादी हाती पडली की पालक हमखास विचारतात, "बाई, खडूंच्या जागी भेंडी, बटाटा आणि जुन्या लग्नपत्रिका कशाला? मुलांना चित्र काढायला कधी शिकवणार?"

साडेतीन वर्षांच्या मुलाला पेन्सिलीने मासा काढायला सांगितला, तर त्याचे सारे लक्ष रेघ सांभाळण्यात जाते, आणि ती मनासारखी आली नाही की "मला येत नाही" हे वाक्य ते त्याच दिवशी शिकते. ठशाचे तसे नाही. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचे फूल आयतेच मिळते. ते कागदावर कुठे, किती दाट आणि कोणत्या रंगाशेजारी उमटवायचे एवढेच ठरवायचे उरते, आणि माझ्या मते चित्रातला खरा विचार तोच असतो. ज्या घरांत गौरी आणताना मुठीच्या कडेने पावले उमटवतात, तिथल्या मुलांना तर ठसा म्हणजे काय हे सांगावेही लागत नाही.

तयारी मात्र लागते. कापलेल्या बटाट्याला सुटलेले पाणी फडक्याने टिपले नाही तर रंग फिसकटतो. रंग वाटीत न देता ताटलीतल्या ओल्या स्पंजवर पसरून द्यावा. आणि पानाला तो मागच्या बाजूने लावावा, कारण शिरा तिकडे उठून आलेल्या असतात.

चिकटकामात माझी चूक मोठी होती. पहिल्या वर्षी वेळ वाचावा म्हणून घोटीव कागदाचे हत्ती मीच कापून ठेवले. भिंतीवर अठरा एकसारखे हत्ती लागले, पालक खूश झाले, पण आपला हत्ती कोणता हे एकाही मुलाला सांगता येईना. तेव्हापासून मी नमुना दाखवत नाही, आणि कागद हातानेच फाडायला देते. चिकटवायला मैद्याची शिजवलेली खळ असते.

"कागद चिकटवणे ही काय चित्रकला?" असे एका आजोबांनी विचारले, तेव्हा मी त्यांना सांगितले, की फ्रेंच चित्रकार आंरी मातीस १९४१ च्या मोठ्या शस्त्रक्रियेनंतर अनेकदा अंथरुणात बसून रंगवलेले कागद कापत असे आणि मदतनिसांकडून ते भिंतीवर लावून घेत असे. आजोबांना ते पटले नाही. लग्नपत्रिका मात्र त्यांनी पिशवीभर आणून दिल्या.

आता घरी भाजी चिरताना मूल आधी ठसा मागते, अशी तक्रार येते. देठाकडचा तुकडा भाजीत जातच नाही, तो द्यावा.