सुरू होतानाच थिजणारा संगणक

घरातील संगणक काही दिवसांपासून सुरू होताना पहिल्याच पडद्यावर थिजत होता. विंडोज नव्याने टाकावे, असे अनेकांनी सुचवले; परंतु विंडोज लोड होण्यापूर्वीच जो संगणक अडतो, त्याचा दोष बहुधा हार्डवेअरमध्ये असतो, म्हणून आज मी तो स्वतःच उघडला. प्रथम प्रिंटर आणि पेन ड्राइव्ह काढले, कारण एखादे बिघडलेले यूएसबी उपकरणही बायोसला, म्हणजे विंडोजच्या आधी चालून संगणक सुरू करणाऱ्या प्रणालीला, तेथेच रोखून धरू शकते. फरक पडला नाही. मग वीजजोडणी काढून रॅमची, म्हणजे संगणकाच्या तात्पुरत्या मेमरीची, एकेक पट्टी स्वतंत्रपणे लावून पाहिली, तेव्हा एकीवर संगणक व्यवस्थित सुरू झाला आणि दुसरीवर पुन्हा थिजला. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत धातूच्या संपर्कांवर थर साचणे स्वाभाविक आहे. त्या पट्टीची सोनेरी कड खोडरबराने हलकेच पुसली, कण नीट झटकले, आणि संगणक दोन्ही पट्ट्यांसह सुरू झाला! बाबांची सारी छायाचित्रे त्यात असल्यामुळे सर्वांत आधी त्यांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली, कारण अशा वेळी यंत्रापेक्षा त्यातील मजकूर मोलाचा असतो. आता मेमरी तपासणी रात्रभर चालू राहील. तीत एकही त्रुटी आढळली, तर नवी पट्टी आणण्यासाठी उद्या लॅमिंग्टन रोडवरचा इलेक्ट्रॉनिक वस्तूंचा बाजार गाठेन.