तुम्ही विचारलंत म्हणून: केगमधला गॅस जातो कुठे?

घरी बिअर बनवणारी मंडळी मला एकच गोष्ट सारखी विचारतात, केगला (बिअरच्या धातूच्या पिंपाला) जोडायचा सीओटूचा, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा, सिलिंडर भरून आणला आणि चार दिवसांत संपला, आता सगळ्या ओ-रिंग (सांधे हवाबंद करणाऱ्या रबरी रिंगा) बदलून टाकू का? माझं उत्तर दरवेळी तेच, आधी लीक शोधा आणि मगच पाना हातात घ्या. सगळं एकदम बदललं की लीक थांबलं तरी ते नक्की कुठे होतं ते कळत नाही, मग पुढच्या वेळी पुन्हा पहिल्यापासून सुरू.

आणि त्याच्याही आधी, लीक खरंच आहे का ते बघा. गार बिअरमध्ये सीओटू विरघळतो, त्यामुळे नवीन बिअर भरून ३० पीएसआय (प्रेशर मोजायचं एकक) दिलं आणि सिलिंडर बंद केला तर प्रेशरचा काटा खाली येणारच, तो गॅस बाहेर गेलेला नसतो, बिअरमध्ये गेलेला असतो. म्हणून मी टेस्ट नेहमी रिकाम्या केगवर करते. सिलिंडरच्या बाजूचा मोठा काटा तर याच्या उलट फसवतो. आत द्रवरूप सीओटू आहे तोवर तिथलं प्रेशर फक्त तापमानावर ठरतं, २० अंश सेल्सियसला साधारण ८३० पीएसआय, मग सिलिंडर काठोकाठ भरलेला असो की पाव राहिलेला असो. तो काटा पडायला लागला म्हणजे आतला द्रव संपलाच. किती उरलाय ते सिलिंडरचं वजन करूनच कळतं.

आता शोधायचं कसं. गॅसचा डिस्कनेक्ट (पाइपच्या टोकाची, केगवर बसणारी जोडणी) केगवरून काढा, तो आपोआप बंद होतो. सिलिंडर उघडा, काटा वर आला की परत बंद करा आणि रात्रभर तसंच राहू द्या. सकाळी मोठा काटा पडलेला दिसला तर रेग्युलेटर (सिलिंडरवरचा, प्रेशर कमी करून देणारा भाग), पाइप, क्लॅम्प यातच कुठेतरी गळतंय, केगला हात लावायची गरज नाही. बहुतेक वेळा सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या मधला वॉशर दबलेला किंवा चिरलेला असतो. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, त्या जोडात सील आट्यांवर होतच नाही, वॉशरवर होतं.

काटा जागेवर असेल तर मग केग. १९ लिटरच्या कॉर्नी केगमध्ये (घरी बिअर बनवणारे वापरतात तो उभा स्टीलचा केग) माझा पहिला संशय झाकणाच्या मोठ्या ओ-रिंगवर असतो, आणि इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, झाकण आतून वर दाबलं जातं, म्हणजे प्रेशर जितकं जास्त तितकं ते घट्ट बसतं. त्यामुळे ३० पीएसआयला एक बुडबुडा न दाखवणारा केग १० ला आणल्यावर निवांत गळत राहू शकतो, आणि आपण बिअर ठेवतो ती १०-१२ लाच. तर आधी ३० देऊन झाकण बसवा, कडेने साबणाचं पाणी मारून बुडबुडे बघा, मग झाकणावरच्या प्रेशर सोडायच्या व्हॉल्व्हची कडी ओढून प्रेशर कमी करा आणि पुन्हा साबणाचं पाणी मारा. आणि थांबा! मोठं लीक लगेच फसफसतं, पण बारीक लीकचा पांढरा फेस जमायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, सिलिंडर रिकामे करतात ते हेच बारीक लीक.

झाकण गळत असेल तर ते उलट्या दिशेने फिरवून बसवून बघा, रिंगला फूड ग्रेड सिलिकॉन ग्रीस लावा, तरी नाही जमलं तर जाड आणि मऊ रिंग घ्या. व्हॅसलीन नको, बऱ्याच रिंग ईपीडीएम रबराच्या असतात आणि पेट्रोलियमने त्या फुगतात.

पोस्टचं, म्हणजे केगवरच्या ज्या तोंडावर डिस्कनेक्ट बसतो त्याचं, सोपं आहे. डिस्कनेक्ट लावल्यावरच गळतंय तर पोस्टच्या बाहेरची ओ-रिंग, काढल्यावर गळतंय तर आतला पॉपेट (स्प्रिंगचा छोटा व्हॉल्व्ह), बहुतेक हॉप्सचा कण अडकलेला असतो, एकदा दाबून सोडा, नाहीच तर साफ करा. पण पोस्ट उघडायच्या आधी केगमधलं सगळं प्रेशर सोडा, यात अजिबात आळस नको.

सगळं बदलायला मी एकाच वेळी सांगते, जुना केग घेतला असेल तेव्हा. हे केग मुळात सोड्याच्या कंपन्यांचे, पेप्सीचे बॉल लॉक आणि कोकचे पिन लॉक (डिस्कनेक्ट अडकवायच्या दोन पद्धती), त्यांच्या रबरात सिरपचा वास मुरलेला असतो आणि तो बिअरला लागतो.

राहिली डिप ट्यूबची (पोस्टमधून केगच्या आत जाणाऱ्या नळीची) छोटी रिंग, पोस्टच्या खाली लपलेली. बिअरच्या बाजूची ही रिंग खराब झाली की वरचा गॅस थेट बिअरच्या लाइनमध्ये घुसतो आणि ग्लासात नुसता फेस येतो, मग लोक प्रेशर कमीजास्त करत बसतात, पाइपची लांबी बदलतात. फेस अचानक वाढला असेल तर आधी ही रिंग बघा.

आणि लीक सापडेपर्यंत रोज वापर झाला की सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा. सिलिंडर लहान बंद खोलीत किंवा तळघरात असेल तर हवा खेळती ठेवा, सीओटू हवेपेक्षा जड असतो, खाली साचून राहतो आणि त्याला वासही नसतो.