वाळूत पुरलं म्हणजे संपलं?

"वाळूत पुरलं की झालं, खतच होतं त्याचं!" गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर एक काका कुत्र्याची घाण चपलेनं वाळूखाली ढकलत म्हणाले. पलीकडे पोरं अनवाणी किल्ला बांधत होती.

खत कसलं? ओलसर, सावलीतली वाळू म्हणजे हुकवर्मची, म्हणजे कुत्र्याच्या आतड्यातल्या एका जंताची, आयती सोय. विष्ठेतल्या अंड्यातून 1-2 दिवसांत अळी निघते आणि आठवडाभरात कातडीतून शिरायला तयार होते. मग पायावर नागमोडी लाल रेघ, रात्री जीवघेणी खाज.

गोलकृमी हा दुसरा जंत त्याहून चिवट. ताज्या विष्ठेतल्या अंड्यांनी लागण होत नाही, मातीत 2-4 आठवडे गेले की होते. आणि ती वर्षानुवर्षं तगतात. म्हणून तिथल्या तिथे उचलायचं: पिशवी हातावर उलटी, गाठ, थेट कचरापेटी. पिल्लांना जंताचं औषध दुसऱ्या आठवड्यापासूनच.

पट्टा, शॅम्पू सगळं भारीतलं; खिशात एक पिशवी का नसते?