हरकतीचा कागद आवकला लागला पाहिजे

एप्रिल 2023 मध्ये पुण्यात वेताळ टेकडीसाठी मोर्चा निघाला, बालभारती ते पौड फाटा रस्ता टेकडीवरून नको म्हणून हजारो माणसं रस्त्यावर आली, आणि त्याच महिन्यात मुळा-मुठेच्या काठची झाडं वाचवायला चिपको झालं. रोज टेकडीवर जाणारे आजीआजोबा, कॉलेजची पोरंपोरी, कधी कुठल्या आंदोलनात न दिसलेली आयटीतली माणसं, सगळी होती. त्याचे फोटो सगळ्यांनी बघितलेत, त्यामुळे त्यावर वेगळं काही लिहीत नाही. मला लिहायचंय ते मोर्च्याच्या आधी आणि नंतर जे कागदाचं काम चालतं त्याबद्दल, कारण ते करायला माणसं कमी पडतायत आणि नवीन येणाऱ्यांना ते कुणी नीट सांगत नाही.

झाडांचंच घ्या. आपल्याकडे शहरातल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे. झाड तोडायची परवानगी हवी असेल तर उद्यान विभागाकडे अर्ज जातो, मग पेपरात जाहीर नोटीस येते आणि झाडावरही नोटीस चिकटवावी लागते, आणि हरकत घ्यायला साधारण सात दिवस मिळतात. सात दिवस म्हणजे काहीच नाही हो. पेपरातली नोटीस बारीक अक्षरात, झाडावरची पावसात भिजून खाली पडते, आणि सोसायटीच्या ग्रुपवर फोटो येईपर्यंत निम्मे दिवस गेलेले असतात. म्हणून प्रत्येक भागात निदान एक माणूस असा हवा जो नोटिसा रोज बघतो, बाकी काही नाही केलं तरी चालेल.

आणि नोटीस मिळाली की आधी झाडाचं वय बघायचं. 2021 मध्ये कायद्यात बदल झाला, तेव्हापासून 50 वर्षं किंवा जास्त वयाचं झाड हेरिटेज धरतात, आणि असं झाड तोडलं तर जितकं त्याचं वय तितकी नवीन झाडं लावायची अट आहे. एका कामासाठी पाच वर्षांवरची 200 किंवा जास्त झाडं जाणार असतील तर विषय राज्याच्या वृक्ष प्राधिकरणाकडे न्यायची तरतूदही त्या बदलात होती. त्यामुळे नोटिशीत वय 45 लिहिलंय का 55 यावर खूप काही अवलंबून असतं, आणि ते वय बुंध्याच्या घेरावरून काढतात, म्हणून टेप घेऊन जायचं, छातीच्या उंचीवर घेर मोजायचा, फोटो काढायचा आणि हरकतीत तो आकडा लिहायचा. 'झाडं तोडू नका' एवढं लिहिलेल्या शंभर हरकतींपेक्षा घेर मोजून लिहिलेली एक हरकत सुनावणीत जास्त वेळ टिकते हे माझं ठाम मत आहे. तयार ड्राफ्ट फॉरवर्ड करून सह्या घेण्याला मी नाही म्हणत नाही, पण एकाच मजकुराच्या सगळ्या हरकतींना एकच उत्तर देता येतं, म्हणून प्रत्येकाने खाली आपल्या मनाने दोन ओळी तरी लिहाव्यात, तुम्ही त्या रस्त्याने किती वर्षं जाता, उन्हाळ्यात तिथे सावलीत कोण बसतं, काहीही पण स्वतःचं. मग तो कागद आवकला, म्हणजे ऑफिसात आलेले कागद नोंदवून घेतात त्या टेबलावर, द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, सही घ्यायची. पोच नसेल तर उद्या कोर्टात तुम्ही हरकत घेतलीच नव्हती असं होतं.

दुसरी गोष्ट, सोमवार. माहिती अधिकार 2005 चा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करायचा, 30 दिवसांत उत्तर, नाही आलं तर पहिलं अपील, हे बऱ्याच जणांना माहिती असतं (आपल्या राज्यात अर्ज एकाच विषयावर आणि 150 शब्दांत हवा, हे मात्र विसरतात). पण पुणे महापालिकेत सोमवारी दुपारी 3 ते 5 अर्ज न करता फाइल बघता यायची सोय बरीच वर्षं चालत आली, आणि 2018 मध्ये राज्य सरकारनेही तसा आदेश सगळ्या स्थानिक संस्थांसाठी काढला. फाइलवरची टिपणी वाचली की निर्णय नक्की कुठे झाला ते कळतं, जे कुठल्याही बातमीत येत नाही. अडचण एवढीच की सोमवारी दुपारी नोकरीवाला माणूस कसा जाणार, म्हणून हे सगळं रिटायर्ड काकाकाकूंच्या खांद्यावर चाललंय आणि त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. मार्च 2022 मध्ये नगरसेवकांची मुदत संपली, पुढे कित्येक वर्षं प्रशासक, त्या काळात लोकांचं म्हणणं दप्तरात आणायचं काम मुख्यतः याच लोकांनी केलं.

एक गोष्ट मात्र खटकते. आमच्यासारखे झाडं-टेकड्यांसाठी काम करणारे ग्रुप बहुतेक सोसायट्यांतले असतात. टेकडीच्या पायथ्याला ज्या वस्त्या आहेत तिथली माणसं मिटिंगला नसतात, कारण त्यांना कुणी बोलावलेलंच नसतं, आणि मग 'हे फक्त मॉर्निंग वॉकवाल्यांचं आंदोलन' असं म्हणणाऱ्यांना आयतं कारण मिळतं. याच शहरात कचरावेचकांनी काय केलं ते बघा. 1993 मध्ये बाबा आढावांच्या पुढाकाराने कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, ओळखपत्रांपासून सुरुवात झाली, आणि 2008 मध्ये त्यांच्याच मालकीच्या 'स्वच्छ' नावाच्या संस्थेने महापालिकेशी करार केला, घरोघरचा कचरा गोळा करायचा. तिथे मोर्चे पण होते आणि कागद पण होते, आणि दोन्ही ज्यांचा प्रश्न त्यांच्याच हातात होते. आपल्या ग्रुपनी मिटिंगची जागा क्लबहाउसमधून हलवून वस्तीतल्या समाजमंदिरात नेली आणि वेळ संध्याकाळी आठनंतरची ठेवली तर फरक पडेल असं मला वाटतं, आमच्याकडे मी हा विषय लावून धरलाय आणि धरणार.

तर ज्यांना यायचंय त्यांनी सुरुवात नोटिसा बघण्यापासून करा, त्याला रोज दहा मिनिटं पुरतात. ज्यांना सोमवारी सुट्टी असते, दुकानवाले, शिफ्टवाले, त्यांची तर फार गरज आहे, कुणीतरी जुनं माणूस सोबत देतो, सोय चालू आहे ना ते आधी विचारून वही आणि ओळखपत्र घेऊन तीनच्या आधी पोचा कारण पाचला फाइल परत घेतात.