सेंट्रल लॉकिंगचा मेलेला दरवाजा: अख्खा अ‍ॅक्च्युएटर न बदलता फक्त मोटर बदलली

अ‍ॅक्च्युएटर म्हणजे दरवाज्यातलं लॉक मोटरने हलवणारा डबा. आधी लक्षणं सांगतो. रिमोट दाबला की तीन दरवाजे खट्कन लॉक होतात आणि पुढचा डावा नुसता कण्हतो. सकाळी गाडी थंड असताना तो व्यवस्थित लॉक व्हायचा, उन्हात तापल्यावर नाही. लागोपाठ बटण दाबलं तर आणखी मरगळायचा. थोडा वेळ थांबलं की पुन्हा एखाददुसऱ्या वेळी चालायचा. हाताने नॉब दाबला तर लॉक सहज बसत होतं, म्हणजे लॅच (दरवाजा धरून ठेवणारी कडी) आणि तिला जोडलेल्या सळ्या मोकळ्या होत्या. तापलं की बंद, थांबलं की चालू, हे लक्षात ठेवा. सगळा शोध तिथेच जाऊन पोचला.

पॅनेल उतरवणं

यावर माहिती भरपूर मिळते, म्हणून थोडक्यात. काच पूर्ण वर घ्या, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि काही मिनिटं थांबा. बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅगचा सेन्सर दरवाज्यातच असतो, त्यामुळे पिवळ्या कनेक्टरला हात लावायचा नाही. हँडलमागचे लपलेले स्क्रू काढल्याशिवाय क्लिपांवर जोर देऊ नका. क्लिपा मात्र प्लास्टिकच्या पट्टीनेच उचकटा. लोखंडी स्क्रू ड्रायव्हरने पॅनेलवर वळ उठतात.

पॅनेलमागचा प्लास्टिकचा पडदा लोक बिनदिक्कत फाडतात, ते मला अजिबात पटत नाही. काचेवरून ओघळणारं पाणी दरवाज्याच्या आत उतरतं आणि तळाच्या भोकांतून बाहेर जातं. ते पाणी केबिनमध्ये येऊ नये म्हणून तो पडदा आहे. काळ्या चिकट ब्युटाइलला हेअर ड्रायरने थोडी ऊब दिली की पडदा अख्खा सुटतो आणि नंतर त्याच ब्युटाइलवर परत बसतो.

वायर की मोटर?

दरवाजा आणि बॉडी यांच्यामधल्या रबरी नळीत वायर सतत वाकत असते आणि तिथेच तुटते. त्यामुळे लॉक चालेना म्हटल्यावर मोटरवर आळ घेण्याआधी वायर तपासलीच पाहिजे. आता मोजण्यापुरती बॅटरी परत जोडायची, फक्त अ‍ॅक्च्युएटरचा प्लग सुटा ठेवायचा.

इथे नुसत्या मल्टिमीटरवर विसंबू नका. लॉकला मिळणारा झटका एका सेकंदाहूनही कमी असतो, साधा डिजिटल मीटर तो धड दाखवत नाही. दुसरं म्हणजे मीटर जवळजवळ करंट ओढतच नाही. वायरचे सगळे धागे तुटून एकच शिल्लक असला तरी मीटर बिनधास्त १२ व्होल्ट दाखवेल. म्हणून मी इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब मोटरच्या दोन वायरींना लावला. तो पावणेदोन अँपिअरच्या आसपास ओढतो, म्हणजे वायरवर खरा भार येतो. लॉक दाबलं, बल्ब लखकन पेटून विझला. अनलॉकलाही तसाच. वायर आणि रिले (मोटरला करंट सोडणारा विजेवर चालणारा स्विच) दोन्ही निर्दोष. (त्याच प्लगमध्ये दरवाजा उघडा आहे की बंद हे सांगणाऱ्या स्विचच्या बारीक वायरी असतात. बल्ब त्यांना लावायचा नाही. वायरिंगचा नकाशा बघूनच मोटरची जोडी ठरवा.)

मग मीटर ओहमवर घेऊन अ‍ॅक्च्युएटरच्या मोटरच्या पिना मोजल्या. चाळीसच्या आसपास. उजव्या दरवाज्याच्या चांगल्या अ‍ॅक्च्युएटरवर पाचच्या आसपास. १२ व्होल्टला ४० ओहम म्हणजे जेमतेम ०.३ अँपिअर. एवढ्या करंटवर ती कण्हणारच.

अ‍ॅक्च्युएटरच्या आत

दरवाज्याच्या कडेचे तीन टॉर्क्स, म्हणजे चांदणीच्या खाचेचे, स्क्रू (माझ्याकडे टी-३०) आणि सळ्यांच्या क्लिपा काढल्या की लॅचसकट अ‍ॅक्च्युएटर खालून बाहेर येतो. सळ्या काढण्याआधी फोटो काढून ठेवा. डबा वेल्ड करून बंद केलेला असतो, स्क्रू नसतात. हॅक्सॉच्या पात्याचा तुकडा हातात धरून शिवणीवरून हलकेच फिरवत राहिलो. घाई केली तर पातं आतल्या गिअरपर्यंत जातं.

आत एक छोटी डीसी मोटर, तिच्या शाफ्टवर वर्म (स्क्रूसारखे आटे असलेला छोटा गिअर), वर्मला लागून प्लास्टिकचा मोठा गिअर आणि त्यावर लॉकची कळ हलवणारा दांडा. पोलॅरिटी उलटली की मोटर उलट फिरते. लॉक आणि अनलॉक यांत तेवढाच फरक. गिअरचे दात शाबूत होते, ग्रीस मात्र कडेला मेणासारखं घट्ट झालेलं.

मोटरच्या मागच्या झाकणाचे वाकवलेले कान उचलून ती उघडली. ब्रश (फिरत्या भागावर घासत करंट पोचवणारे तुकडे) झिजले होते, पण संपले नव्हते. ब्रश ज्यावर घासतात तो शाफ्टवरचा पट्ट्यांचा भाग, म्हणजे कम्युटेटर, काळा पडला होता. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला, तिन्ही पट्ट्यांमधल्या फटी लाकडी काडीने साफ केल्या, मोटर बंद करून शाफ्ट हाताने फिरवत पुन्हा मोजलं. आकडा जेमतेम हलला.

मग मोटरच्या झाकणात बसवलेली एक छोटी चकती मोजली. ब्रशच्या वाटेत सिरीजमध्ये बसवलेली पीटीसी. एकटीच पस्तीसच्या आसपास! जास्त करंट गेला की ती तापते, तापली की तिचा रेझिस्टन्स झपाट्याने वाढतो आणि मोटर जळण्यापासून वाचते. एखादं पोर लॉकचं बटण दाबतच बसलं, तर मोटरला वाचवणारी हीच. जुनी झाली की थंड असतानाही तिचा रेझिस्टन्स वाढलेला राहतो. उन्हाची भर पडली की उरलासुरला करंटही जातो. दुपारचं कोडं सुटलं.

चकती काढून वायर जोडावी का?

बरेच जण हेच करतात. चकती उडवायची, तिथे तारेचा तुकडा सोल्डर करायचा, आणि लॉक नव्यासारखं चालतं. मीही खात्रीसाठी बाकावर चकतीला क्षणभर वळसा देऊन पाहिलं, मोटर जोरात फिरली. पण गाडीत ती तशी बसवायला माझा ठाम विरोध आहे. एरवी झटका छोटा असतो, काही बिघडत नाही. पण रिले कधी चिकटला, तर अडकलेल्या मोटरमधून काही अँपिअर अखंड वाहत राहतील, तेही बंद प्लास्टिकच्या डब्यात. म्हणून पीटीसीसकट नवी मोटर घेतली. या कामात एफसी-२८० जातीच्या मोटरी खूप दिसतात: सुमारे २४ × १८ मिमीचा चपटा डबा, २ मिमीचा शाफ्ट. शाफ्टची लांबी आणि टर्मिनलची जागा जुनीशी पडताळूनच घ्या.

वर्म छोट्या पुलरने काढला. त्याआधी तो शाफ्टवर किती आत आहे हे व्हर्नियरने मोजून ठेवलं. तो अर्धा मिमी जरी चुकला तरी गिअर घासायला लागतो. नव्या शाफ्टवर दाबताना शाफ्टचं मागचं टोक कडक आधारावर टेकवा, मोटरच्या झाकणावर जोर येऊ देऊ नका. जुनं ग्रीस पुसून प्लास्टिकला चालणारं सिंथेटिक ग्रीस लावलं, अगदी पातळ. डबा बंद करण्याआधी ५ अँपिअरचा फ्यूज मध्ये घालून १२ व्होल्टचे झटके देऊन पाहिले: दिशा बरोबर, दांडा दोन्ही टोकांना पोचतो. मग शिवणीवर इपॉक्सी भरून सुकू दिलं.

बसवल्यावर एक गोष्ट विसरू नका. दरवाजा उघडा ठेवूनच स्क्रू ड्रायव्हरने लॅच बंद करा, लॉक-अनलॉक करा आणि आतल्या-बाहेरच्या दोन्ही हँडलनी ती उघडते का पाहा. दरवाजा लावल्यावर सळी सुटली असं कळलं, तर तो उघडणं महाकर्मकठीण.

गाडी दुपारभर उन्हात ठेवून बटण दाबत राहिलो. चारही दरवाजे एकाच आवाजात बसतात. मागचा उजवाही मोजला, तो बाराच्या आसपास आहे, म्हणजे पुढचा नंबर त्याचा. त्याच्यासाठी तसलीच मोटर आत्ताच आणून ठेवली आहे.