झाकणाखालचे चौकोन

सीझियम लेड ब्रोमाइडचे नॅनोस्फटिक तयार करणे आता फारसे अवघड राहिलेले नाही. २०१५ मध्ये झुरिकच्या कोवालेंको यांच्या गटाने दिलेली कृती बहुतेक सगळीकडे चालते: तापवलेल्या लेड ब्रोमाइडच्या द्रावणात सीझियम ओलिएट एका दमात सोडायचे, पाच-सहा सेकंद मोजायचे आणि फ्लास्क बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. यूव्ही टॉर्च मारला की द्रावण हिरवे उजळते, आणि पाहुण्यांना तेवढेच दाखवले जाते.

माझे काम त्यानंतर सुरू होते. हे स्फटिक म्हणजे जेमतेम दहा नॅनोमीटर बाजूचे इवलेसे घन. ते भिंतीतल्या विटांसारखे ओळीने रचले जावेत, यासाठी त्यांच्या अंगावरचा ओलेइक आम्लाचा आणि ओलेलअमाइनचा थर नेमका राखावा लागतो. धुणे कमी पडले तर सगळीकडे मेणचट साय धरते. जास्त झाले तर घन उघडे पडून एकमेकांत मिसळतात. ॲसिटोनचे नावच काढायचे नाही. मी इथाइल ॲसिटेटने एकदाच धुते आणि सेंट्रिफ्यूजमधून काढताना तळाचा साका बोटाच्या नखाएवढा दिसला तरच पुढे जाते. हे प्रमाण हाती यायला मला आठ महिने लागले.

शेवटची पायरी म्हणजे हे घन ज्या द्रावकात तरंगतात ते टोल्युइन थेंबातून सावकाश उडू देणे. सोलापूरच्या मे महिन्यात सावकाश असे काहीच उडत नाही. विभागातला एसी गेल्या उन्हाळ्यापासून ‘दुरुस्ती प्रस्तावित’ या शेऱ्यावर चालतो, आणि थेंब सुकला की चहाचा कप उचलल्यावर टेबलावर राहते तसे कडे तेवढे उरते. २०१८ मध्ये याच स्फटिकांच्या सुव्यवस्थित रचनांनी ६ केल्विनला, म्हणजे उणे २६७ अंशांना, एकत्र प्रकाश फेकल्याचे प्रसिद्ध झाले, ते वाचून मी हा विषय घेतला होता.

त्या दिवशी सिलिकॉनच्या तुकड्यावर थेंब ठेवून मी जेवायला गेले आणि लाइट गेली. वाफा बाहेर ओढणाऱ्या फ्युम हूडचा पंखा थांबला. परत आले तर आमचे प्रयोगशाळेतले मामा नमुन्यावर मोठे काचपात्र पालथे घालून बसलेले, आणि त्याच काचपात्राखाली टोल्युइनचे अर्धे भरलेले उघडे बीकरही. ‘ताई, वास फार सुटला होता, म्हणून दोन्ही झाकलं,’ ते म्हणाले. मी त्यांच्यावर चिडले, नको तेवढी चिडले, नमुना वाया गेला असे चार लोकांसमोर बोलले आणि रागारागात काचपात्र तसेच ठेवून घरी गेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टोल्युइन उडालेले होते. टाकून देण्याआधी सवयीने सूक्ष्मदर्शकाखाली घातले, तर कड्याच्या जागी सरळ धारांचे चौकोन, काही दोन-तीन मायक्रोमीटरचे, हिरवे, कोपरे शाबूत. बाहेरगावाहून क्ष-किरण विवर्तनाचा, म्हणजे स्फटिकांची रचना दाखवणारा, आलेख यायला तीन आठवडे लागले. १५ अंशांजवळचे शिखर एकसंध नव्हते, दोन्ही बाजूंना बारीक शिखरांत दुभंगलेले होते. थर एकसारख्या अंतरावर रचले गेल्याची ती खूण.

कारण उघड आहे: बीकरमधल्या वाफेने झाकणाखालची हवा टोल्युइनने भरून टाकली, म्हणून थेंब धीराने सुकला आणि घनांना जागा शोधायला वेळ मिळाला. गाइडनी पद्धतीच्या भागात ‘टोल्युइनच्या बाष्पाने संपृक्त कक्ष’ असे लिहायला सांगितले. ते चूक नाही, पण त्या कक्षाची कल्पना कोणाची होती, यासाठी शोधनिबंधात रकाना नसतो. आभारांत मामांचे नाव घालायचे म्हटले तर सर हसले. मी घातले आहे, काढले जाते का ते पाहू.

मला सतावते ते वेगळेच. त्यानंतर मी हाच प्रयोग पाच वेळा केला, तापमान हलू नये म्हणून थर्माकोलची पेटी चादरीत गुंडाळूनसुद्धा. चौकोन दोनदाच आले आणि त्या दिवसाइतके मोठे एकदाही नाही. झाकण पडेपर्यंत उघड्यावर किती टोल्युइन उडाले होते, त्यावर कदाचित सगळे अवलंबून असेल. मामांना विचारले, तर ते म्हणाले, ‘लाइट गेली आणि लगेच झाकलं,’ आणि थोडा विचार करून, ‘नाही, आधी चहा घेतला होता.’ आता मी पाच, दहा, पंधरा आणि वीस मिनिटांनी झाकण घालून चार नमुने लावले आहेत.