जुना लॅपटॉप: विंडोज की लिनक्स?

आज इंदूरच्या जेल रोडवर हाच प्रश्न कानावर येत होता. विंडोज १० चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, इंटेलच्या आठव्या पिढीआधीच्या प्रोसेसरची मशीनं बहुतेक बाद. टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे, म्हणून टॅलीवाल्यांनी विंडोजच ठेवावं.

घरी ब्राउझर, यूट्यूब, पत्रं एवढंच असेल तर लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टीम) घालाच. ४ जीबी रॅमला तिची हलकी एक्सएफसीई आवृत्ती. ८ जीबी पेनड्राइव्हवर रुफस या प्रोग्रामने आयएसओ (मिंटची इन्स्टॉल फाइल) लिहा, आणि इन्स्टॉल करण्याआधी लाइव्हमध्येच, म्हणजे पेनड्राइव्हवरूनच मिंट चालवून, वाय-फाय, आवाज, प्रिंटर तपासा. वाय-फाय दिसत नसेल तर बऱ्याचदा ब्रॉडकॉमची चिप निघते. मोबाइल यूएसबीने जोडून नेट घ्या, मिंटचा ड्रायव्हर मॅनेजर उघडा आणि त्यातून वाय-फायचा ड्रायव्हर घाला. इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' (डिस्क पुसा) दाबलं की फोटो गेलेच, म्हणून आधी बॅकअप!